त्रेसष्ट नंबरचा लिफाफा

मी बोलतोय हीच मुळात नवलाची गोष्ट आहे, कारण तोंड मिटून बसण्यासाठीच मला बनवलं होतं. मी एक लिफाफा. रंग खाकी, पाठीवर डिंकाची पट्टी, कपाळावर नंबर त्रेसष्ट.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पहिल्या साठ भावंडांना चांगला जाड कागद मिळाला. मग तो संपला आणि उरलेल्या आम्हा साठ जणांना मालकाने हाताशी होता तो पातळ कागद लावला. लिफाफ्याला काय, आत चिठ्ठी मावली की झालं, असं तो म्हणाला. यातून पुढे काय होणार आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिथून आम्ही एका कचेरीत गेलो. आकडेमोड करणाऱ्या एका चष्मेवाल्या बाईंनी आमच्या प्रत्येकाच्या पोटात एकेक चिठ्ठी घातली आणि आमची तोंडं चिकटवली. चिठ्ठीवर तीनपैकी एकच शब्द असायचा: टाका, रिंग किंवा गोळ्या. कुणाच्या पोटात काय जाणार, ते त्यांनीही ठरवलेलं नव्हतं. ते सोडतीने निघालं होतं.

मग आम्ही प्रसूतीच्या दवाखान्यात आलो. दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याची भीती असलेल्या बायका तिथे यायच्या. गर्भाशयाचं तोंड वेळेआधीच आखूड व्हायला लागलं की तिथले एक डॉक्टर टाका घालायचे, दुसरे मऊ रिंग बसवायचे, तिसरे रोजच्या हार्मोनच्या गोळ्या द्यायचे. कुठला उपाय सरस, यावरून तिघांची चहाच्या कपावर रोज जुंपायची. शेवटी मोठ्या मॅडम वैतागल्या. आता भांडायचं नाही, मोजायचं, असं त्यांनी सांगितलं. येणाऱ्या बाईला सगळं नीट समजवायचं, ती तयार असेल तर सही घ्यायची, आणि वरचा लिफाफा फोडून निघेल तो उपचार द्यायचा. क्रम मात्र मोडायचा नाही.

आमची पेटी सिस्टरांच्या ताब्यात होती. वीस वर्षांची नोकरी, करारी स्वभाव, हाताला गुण. माणसांना बंद लिफाफा दिसला की राहवत नाही. कुणी हलवून बघतं, कुणी बोटांनी चाचपतं. सिस्टरांनी मात्र बासष्ट लिफाफे सरळ फोडले. मनातून त्या टाक्याच्या बाजूच्या होत्या, पण ते मत त्यांनी कधी पेटीजवळ आणलं नाही.

आणि मग त्यांची भावजय आली. ती शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हातखंडा होता. दोन बाळं सहाव्या महिन्यातच गेली होती. ही तिसरी खेप. विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि पुन्हा तेच निघालं. तिने शांतपणे त्रेसष्टाव्या नंबरपुढे सही केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. तिच्या शेजारी तिच्यासारखीच अवघडलेली आणखी एक बाई होती. तिचा नंबर चौसष्टावा.

आत सिस्टरांनी मला उचललं. भिंतीवर एक्स-रे बघायची उजेडाची पेटी होती. त्यांनी बटण दाबलं आणि मला तिच्यासमोर धरलं. माझ्या पातळ कागदाने माझी लाज राखली नाही. पोटातला शब्द आरपार दिसला: गोळ्या.

मग त्यांनी चौसष्ट नंबरला उजेडासमोर धरलं. त्याच्या पोटात टाका होता. त्यांनी मला खाली ठेवलं आणि त्याला वर घेतलं. मला फार वाईट वाटलं, पण मी कागद, मी काय करणार?

तेवढ्यात राहिलेली पिशवी न्यायला भावजय आत आली. उजेडाची पेटी चालू, सिस्टरांच्या हातात चौसष्ट. शिंपिणीची नजर ती, तिला लगेच समजलं.

"ताई, माझा त्रेसष्ट आहे ना?"

"त्यात गोळ्या आहेत गं. यात टाका आहे. कुणाला कळणार नाही."

ती स्टुलावर बसली. तिला मोह झाला नाही असं नाही. ती कितीतरी वेळ चौसष्टकडेच बघत होती. मग म्हणाली, "टाकाच चांगला, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

खोटं बोलणं सिस्टरांना जमेना. "नाही," त्या म्हणाल्या. "अजून कुणालाच नाही. म्हणून तर ही लिफाफ्यांची पेटी मांडलीय."

"मग टेप आपणच ओढून धरली तर माप कसलं येणार? आणि ती बाहेर बसलीय, तिनेही काही गमावलंच असेल. माझा फोडा."

सिस्टरांनी रडत रडत मला फोडलं. नंतर सरळ मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं की त्रेसष्ट आणि चौसष्ट आधी पाहिले गेले, सिस्टरांकडून पेटीची किल्ली मागून घेतली आणि चौसष्ट स्वतः फोडला. उरलेले पातळ लिफाफे कचेरीत परत गेले आणि त्यांच्या जागी जाड कागदाचे आले.

मला भावजयीच्या फायलीत टाचलं. मशीन बंद ठेवून ती हातशिलाई करायची. तेविसावा आठवडा आला, ज्यात आधीची दोन्ही बाळं गेली होती, तेव्हा सिस्टर रोज कामावरून सुटल्या की आधी तिच्याकडे जाऊन यायच्या. तो आठवडा गेला. मग अठ्ठावीस, बत्तीस, आणि सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. बाकावरच्या बाईला टाका घालूनही मुलगा एकतिसाव्या आठवड्यातच झाला. दीड महिना काचेच्या पेटीत राहिला आणि सुखरूप घरी गेला.

वॉर्डात बायका म्हणू लागल्या की गोळ्याच भारी. सिस्टर फटकन म्हणाल्या, "दोघींवरून काही कळत नसतं. सगळ्यांचं मोजून होऊ द्या."

मोजून झालं तेव्हा तिन्ही उपाय जवळजवळ बरोबरीतच निघाले. मॅडमनी लिहिलं की आणखी बायका, आणखी दवाखाने हवेत. भांडणारे तीन डॉक्टर त्या दिवशी मुकाट्याने चहा प्यायले.

आता मी फाटक्या तोंडाने फायलींच्या कपाटात पडून असतो. तुमच्या हाती असा बंद लिफाफा आला तर एवढंच करा, त्याला त्याच्या वेळेपर्यंत राहू द्या.

परवा नव्या मोजणीचे लिफाफे आले. मॅडमनी किल्ली सिस्टरांच्याच हातावर ठेवली. त्यांनी पहिला लिफाफा घेतला आणि उजेडाच्या पेटीसमोर धरला. त्यांनी तो उलटा करून बघितला, आडवा करून बघितला. आत काळा कागद होता. काहीही दिसत नव्हतं.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि दिवा बंद करून त्यांनी बाहेरच्या बाईला आत बोलावलं.