सहाच्या ठोक्याला रडणारी माता

चर्चच्या घड्याळात सहाचे ठोके पडले आणि तळघरातली गर्दी भिंतीकडे डोळे लावून उभी राहिली. मरियामातेच्या तसबिरीखालून पाणी पाझरू लागलं. न्यूयॉर्कच्या त्या इटालियन वस्तीतल्या बायकांनी कप, वाट्या, बाटल्या पुढे केल्या.

"मातेचे अश्रू आहेत, बायांनो," इमारतीचा रखवालदार गास्पारे डोळे मिटून सांगत होता. "ताप पळतो. आणि ज्याला वास येईल, त्याच्या मनात पाप आहे समजा."

वास सगळ्यांनाच येत होता. पण कबूल कोण करणार?

आरोग्य खात्याची परिचारिका फिलोमेना मागे उभी होती. विषमज्वराच्या प्रत्येक घराला तिनं नकाशावर लाल टिंब दिलं होतं. एकोणीस टिंबं. दूधवाले निराळे, नळ निराळे. पण प्रत्येक घरातलं कुणीतरी या तळघरातून बाटली घेऊन गेलेलं. विसावं टिंब तिच्या भाचीचं, नून्झियाचं होतं.

सहालाच गास्पारे अंगणातल्या संडासाचा चर धुवायला तोटी सोडतो, हेही तिनं हेरलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं त्या चरात कपड्यांची नीळ ओतली. सहाला भिंतीतून निळं पाणी आलं. आणि झालं भलतंच.

"मातेच्या शालीचा रंग!" लोक गुडघ्यांवर बसले आणि दुप्पट प्यायले.

फिलोमेना हताश होऊन बहिणीकडे गेली. रोझारिया आजारी नून्झियाच्या उशाशी बसून दुकानासाठी कागदी फुलं रंगवत होती. शेजारी मातेच्या पाण्याची तीच बाटली.

"रोझारिया, ती नीळ मी संडासाच्या चरात टाकली होती."

"तुझं काहीतरीच, ताई. तुला देवाचं वावडंच आहे."

"मग उद्या तू टाक. रंग तुझा, हात तुझा. मला सांगूसुद्धा नकोस."

दुसऱ्या दिवशी सहाला माता पिवळी रडली. लोक "सोनं, सोनं" म्हणत पुढे सरसावले. रोझारियानं पुढच्या बाईच्या हातातला कप हिसकावला.

"पिऊ नकोस. हा माझ्या फुलांचा रंग आहे. मघाशी मी संडासात ओतलाय."

"पोरीच्या काळजीनं बाईचं डोकं फिरलंय," गास्पारे म्हणाला.

रोझारियानं पिवळी बोटं वर धरली. "उद्या तोटी सोडू नकोस. बघू माता रडते का."

दुसऱ्या दिवशी वस्तीतला खाटीक तोटीवर पहारा देत बसला. सहाचे ठोके पडून गेले, भिंत कोरडीच राहिली. भिंतीतला संडासाचा फुटका नळ दुरुस्त करावा लागू नये म्हणून गास्पारेनं ती तसबीर टांगली होती.

गुरुवारी नून्झिया गेली.

"ताई, मीच पाजलं ना तिला?" रोझारियानं विचारलं. फिलोमेनानं तिला नुसतं जवळ घेतलं.

मातीहून परतल्यावर रोझारिया ती अर्धी बाटली घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक दारात एकच सांगत होती, "मातेला हात जोडा. पण पोराच्या ओठाला पाणी लावण्याआधी ते कुठून येतं हे विचारा, आणि उकळून द्या. विचारलं म्हणून कुठलीच आई रागावत नसते."