ठणठणीत असल्याचा दाखला

मी अर्ज बोलतोय. सरकारी आरोग्य विमा योजनेत डॉक्टरांनी नाव नोंदवायचा. अकरा पानी, चौदा जोडपत्रांचा. नाक मुरडू नका, मलाही माझा कंटाळा आलाय.

छापखान्यातून कोरा करकरीत निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातून कुणाचं तरी भलं होणार. मला नेलं एका डॉक्टरबाईंनी. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत वजनकाटा आणि पडदा. त्या बाकड्यावर हमखास भेटायचे शिंपीकाका. त्यांचं हृदय थकलं होतं. आजार बाईंनीच ओळखला, पण योजनेतली औषधं फक्त योजनेत नोंदलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, तीही रुग्ण स्वतः समोर बसला तरच. असा डॉक्टर दोन तास लांब. दर महिन्याला काका धापा टाकत बस पकडायचे.

"बाई, हा कागद एकदा होऊ दे, मग माझं सगळं गल्लीतल्या गल्लीत," काका म्हणाले, आणि माझी पानं सुटी होऊ नयेत म्हणून उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दिली, गुंडीसकट.

बाईंनी रुग्ण तपासता तपासता मला भरलं. सातव्या जोडपत्रात अर्जदाराची तब्येत ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला हवा होता. वीस वर्षं बाईंनी ड्रायव्हरपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना असले दाखले दिलेले. हात सवयीने चालला. 'मी यांना तपासले असून त्या ठणठणीत आहेत,' असं स्वतःबद्दलच लिहून त्यांनी झोकात सही ठोकली, वर शिक्काही मारला. मी ओरडून सांगणार कसा? कागदाला वाचा फुटते ती फक्त निबंधात.

कचेरीत पाच आठवडे मी गठ्ठ्याखाली गुदमरलो. मग साहेबांनी मला उघडलं आणि हसले.

"स्वतःच स्वतःला तपासलंत, बाई?"

"चुकलंच. दुसऱ्या डॉक्टरांचा आणते."

"कुणाचाही नाही चालणार हं. योजनेत नोंद असलेल्याच डॉक्टरांचा पाहिजे."

झालं! दवाखाना बंद ठेवून बाई काकांशेजारी त्याच बसमध्ये बसल्या, त्याच रांगेत उभ्या राहिल्या. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सही दिली.

"तुम्हाला तपासलं तरी का त्यांनी?" परतताना काकांनी विचारलं.

"नाव विचारलं," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा कचेरीत. या खेपेला कपाटात, दोन महिने. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. बाई दर आठवड्याला खेटे घालायच्या आणि 'अजून वरून यायचंय' एवढंच ऐकून परतायच्या. काल एकदाचं साहेबांनी मला बाहेर काढून झटकलं.

"दाखला तीस दिवसांच्या आतला लागतो. हा जुना झाला."

"अहो, तो तुमच्याच कपाटात जुना झाला!"

"नियम कपाट बघत नाही, बाई. तारीख बघतो."

संतापाने माझी पानं थरथरली. पंखा चालू होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी मला पिशवीत घातलं आणि गुंडी लावली.

तिथून त्या थेट शिंपीकाकांकडे गेल्या. या महिन्यात काकांनी बस पकडलीच नव्हती, नाक्यापर्यंतसुद्धा चालवेना. शिलाई मशीनवर चादर घातलेली. काका उशांना टेकून बसले होते. बाईंच्या हातातली पिशवी त्यांनी लगेच ओळखली.

"झाला का हो कागद?"

बाईंनी त्यांची नाडी धरली आणि बराच वेळ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"झाला, काका. पुढच्या आठवड्यापासून औषध इथेच."

काका हसले. किती दिवसांनी हसले असतील कुणास ठाऊक. मी मात्र पिशवीत, मंजुरीच्या कोऱ्या चौकटीसकट, मेल्याहून मेल्यासारखा झालो.

साहेब, मला हवं तितक्यांदा परत पाठवा, माझं काय जातंय? पण वीस वर्षांत बाईंनी जाणूनबुजून दिलेला हा पहिलाच खोटा दाखला आहे. तो खरा करायला तुमची एक सही पुरेल. फक्त ती काकांच्या हयातीत करा.