गेटवरची प्रार्थना

प्रार्थना-विनंतीइतका हलका प्रकार जगात दुसरा नाही, असं रोशनी पगारेचं ठाम मत होतं. दर गुरुवारी नाशिकच्या शरणपुरातल्या ख्रिस्ती वस्तीत कुणाच्या तरी घरी मंडळी जमायची, दोन गाणी व्हायची, मग पाळकसाहेब विचारायचे, कुणाच्या काही विनंत्या? मग काय विचारता! कुणाच्या मुलाची नोकरी गेली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाला मूळव्याध झाली, सगळं बाहेर. चौकात उभं राहून बोललं तर ती चहाडी. सतरंजीवर बसून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून बोललं की ते झालं मनावरचं ओझं. देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं. मग मार्थामावशी त्याला गल्लीसकट पत्ता का सांगत बसायच्या, हे रोशनीला कधी कळलं नाही.

मार्थामावशी म्हणजे स्त्रीमंडळाच्या अध्यक्ष. निवृत्त नर्स. त्यांना माईक कधी लागला नाही आणि आमेन कधी सापडलं नाही.

रोशनीही काही गरीब गाय नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. मिशनच्या शाळेत शिकलेली, बायबलच्या पाठांतरात दरवर्षी पहिली, त्यामुळे आपण सोडून बाकी सगळे अडाणी, हे तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी चर्चमध्ये नव्या कॉलेजवाल्यांसाठी खास सभा झाली. पुण्याहून एक टाय लावलेले भाऊ आले होते, ताण कसा घालवायचा ते शिकवायला. सकाळी वचन वाचा, खोल श्वास घ्या, संगत बघून धरा, आणि पहिल्याच दिवशी छातीठोकपणे सांगून टाका की मी ख्रिस्ती आहे, म्हणजे पुढचा सगळा त्रास वाचतो. पोरांनी माना डोलावल्या. रोशनीनं जांभई दिली. असलं औषध घाबरटांना लागतं, आपल्याला कशाला, असं तिला वाटलं.

आणि कसलं काय! गंगापूर रोडच्या त्या कॉलेजात पहिल्या दिवशी पाऊल टाकलं आणि बाईसाहेबांचा सगळा तोरा उतरला. वर्ग खच्चून भरलेला, ओळखीचा चेहरा एक नाही. शेजारी बसलेल्या अपूर्वानं गोड आवाजात आडनाव विचारलं. पगारे म्हटल्यावर ती "अच्छा" म्हणाली आणि तोंड फिरवून दुसरीकडे बोलायला लागली. ते 'अच्छा' कसलं असतं हे नाशकात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं सरकून जागा केली. ती तेजल. सातपूरची, वडील कंपनीत कामाला. तिच्या मामाचं आडनावही पगारेच. आपलंच माणूस भेटलं म्हणून तिनं हसून "जय भीम" म्हटलं, आणि घरी ख्रिस्ती रीतीनं मोठ्यांना सलाम म्हणणाऱ्या रोशनीनंही "जय भीम" म्हटलं.

झालं ते एवढंच. मी कुठे खोटं बोलले, अशी वकिली ती रोज बसमध्ये स्वतःशी करायची. तिचे पणजोबा आणि तेजलचे पणजोबा एकाच गावच्या वेशीबाहेर राहिले असतील, पुढे एकानं एक वाट धरली, दुसऱ्यानं दुसरी. मग बिघडलं कुठे? पण तेजलनं एकदा सहज विचारलं, तू कुठल्या विहारात जातेस, तेव्हा ही म्हणाली, घराजवळच्या. मग मात्र वकिली संपली. तेव्हापासून तिला डबा जाईना. रविवारी कुठे होतीस म्हटलं की घाम फुटायचा. फोन वाजला की ती कोपऱ्यात पळायची, कारण पलीकडून आई "प्रभूची स्तुती असो" म्हणणार आणि या कार्टीच्या फोनचा आवाज गल्लीभर जाणार.

खरी पंचाईत अशी होती की तेजल चांगली होती. रोशनीनं शोधून शोधून पाहिलं, नाक मुरडावं असं तिच्यात काही सापडेना. तेजल तिच्यासाठी जागा धरायची, जवसाची चटणी घासभर जास्त आणायची, जिन्यातली पोरं काही बोलली की दोन शब्दांत त्यांची बोलती बंद करायची. अख्ख्या कॉलेजात रोशनीचं म्हणावं असं माणूस तेवढं एकच होतं. ते गेलं तर पुन्हा त्या 'अच्छा'वालीच्या शेजारी जाऊन बसायचं, या विचारानंच तिची झोप उडाली होती.

पोरीचे गाल बसलेले आईला दिसत होते. काय होतंय, काय होतंय म्हणून ती हात धुवून मागे लागली. शेवटी रोशनी वैतागून म्हणाली, "तेजलला कळलं ना मी चर्चची आहे, तर संपलं सगळं," आणि खोलीचं दार लावून बसली. गुरुवारी प्रार्थनेलाही गेली नाही, अभ्यासाचं कारण सांगितलं. आई मात्र गेली, आणि विनंत्यांची वेळ आली तेव्हा भाबडेपणानं एवढंच म्हणाली की रोशनीला कॉलेजात ताण आहे, तेजल नावाच्या मुलीची भीती वाटते, प्रार्थना करा.

बस्स! मार्थामावशींना आणखी काय पाहिजे होतं? रविवारच्या उपासनेपर्यंत त्या भीतीचा छळ झाला होता, आणि उपासना सुटल्यावर चहाच्या कपाबरोबर तो छळ विश्वासासाठीचा छळ झाला होता. एका बाईनं तर तेजलनं बायबल फाडल्याचं ऐकलं होतं. रोशनीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विचारलं असतं तर सगळी मजाच गेली असती. स्त्रीमंडळानं ठरवलं, कॉलेजवर प्रार्थनाफेरी काढायची. गावात, दवाखान्यांबाहेर त्या अशा फेऱ्या काढायच्या, आता कॉलेजची पाळी आली होती.

सोमवारी दुपारी तेजल आणि रोशनी बाहेर पडल्या तर गेटपाशी पांढऱ्या साड्यांतल्या बायकांचा घोळका. हात इमारतीकडे पसरलेले, ओठ हलताहेत, आणि वॉचमन बिचारा डोकं खाजवत उभा.

"कोण गेलं गं?" तेजलनं हळूच विचारलं.

रोशनीला मागे फिरता आलं असतं. पण आईनं तिला पाहिलं होतं आणि ती हात हलवत होती. मार्थामावशी तर धावतच आल्या, सलाम बाळ म्हणाल्या, हिच्या डोक्यावर पंजा ठेवला, बाकीच्या भोवती गोळा झाल्या आणि क्षणात सगळ्यांचे डोळे मिटले. शेजारी उभी असलेली दुसरी पोरगी कोण, हे बघायला कुणी थांबलं नाही.

"हे जिवंत देवा," मावशींनी सुरुवात केली, आणि बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. "या लेकराचा तुझ्या नावासाठी छळ चाललाय. ती तेजल, जी हिला रडवते, हिचा घास गोड लागू देत नाही, तिचं दगडाचं काळीज तू फोड बापा."

या मंडळीत घराला आग लागली तरी आमेनच्या आधी कुणी डोळे उघडत नाही. त्या घोळक्यात उघडे डोळे दोघींचेच होते. तेजल बघत राहिली. आधी तिला वाटलं दुसरी कुणी तेजल असेल. मग रोशनीच्या तोंडाकडे पाहून तिला समजलं.

"तू चर्चची आहेस?" तिनं विचारलं.

रोशनीनं त्या पंजाखालीच होकारार्थी मान हलवली.

"मग तसं सांगायचं होतंस. माझं काय जाणार होतं?" तेजलचा आवाज चढला नव्हता, मावशींच्या गजरात तो रोशनीशिवाय कुणाला ऐकूही गेला नाही. "आणि मी छळते तुला?"

"मी असं नाही म्हटलं."

"मग थांबव त्यांना. सांग त्यांना, ही तेजल, माझी मैत्रीण."

काम एका वाक्याचं होतं. मावशी, गप्प बसा. जिला आयुष्यभर या बायकांची कीव आली, जी पाळकसाहेबांच्या प्रवचनातल्या चुका काढायची, तिला हे अवघड जायचं काही कारण नव्हतं. पण चालू प्रार्थना तोडायची, तीही आईदेखत, भर रस्त्यात! मावशी आता सैतानाला कॉलेजच्या आवारातून हाकलत होत्या. रोशनीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तेजल थांबली होती, चांगला बराच वेळ थांबली. मग तिनं सॅक खांद्यावर घेतली आणि रस्ता ओलांडून गेली. सातपूरची बस आली, ती चढली, बस गेली. प्रार्थना चालूच होती.

आमेन झाल्यावर आईनं डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"तुझ्याबरोबर होती ती कोण गं?"

"कुणी नाही. वर्गातली एक."

"आणि ती तेजल?" मार्थामावशींनी विचारलं. "कुठाय ती? दाखव तरी."

"ती आज आली नाही," रोशनी म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, बघा, पाऊल टाकायची हिंमत झाली नाही तिची. आणि त्यांनी तिथल्या तिथे उपकारस्तुती सुरू केली. रोशनीला रडू फुटलं. त्या गेटवर सगळ्यांत हलकं माणूस कोण, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं, आणि ते मार्थामावशी नव्हत्या. आईला वाटलं, पोरीच्या मनावरचा ताण एकदाचा मोकळा झाला. ती समाधानानं पदरानं तिचं तोंड पुसत राहिली.