लगाम नसलेला रथ

मित्रांनो, मी टॅरोच्या पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. रमीचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यातही राजे-राण्या आहेत, पण त्यांच्या जोडीला सूर्य, चंद्र, एक जादूगार, एक भोळा वाटसरू आणि एक रथही आहे. लोक मनात प्रश्न घेऊन येतात, आमच्यातलं एखादं पान काढतात आणि त्यावरचं चित्र पाहून विचार करतात. एवढंच आमचं काम. पण एवढ्याशा कामातही माणसं केवढा घोळ घालू शकतात, ते ऐका.

माझा जन्म छापखान्यात झाला. त्या दिवशी यंत्र जरा कुरकुरत होतं आणि चित्रांवरची काळी रेघ केसभर सरकली. त्यामुळे माझ्या प्रत्येक चेहऱ्याला दोन कडा आल्या. छपाईवाल्याने मला उजेडात धरलं, तोंड वाकडं केलं आणि "चालतंय!" म्हणून कापायच्या यंत्राकडे ढकललं. जन्मल्याबरोबर आपल्याविषयी 'चालतंय' ऐकून तुम्हाला तरी बरं वाटलं असतं का?

पुढे मी एका पुस्तकांच्या दुकानात आलो. शेजारी सोनेरी कडांचा एक कॅट होता आणि मखमली पेटीतला एक. त्यांचा तोरा काय वर्णावा! गिऱ्हाइकं त्यांना उचलून नेत, त्यांच्या जागी तसेच दुसरे येत. मला मात्र उघडत, डोळे चोळत आणि परत ठेवून देत.

एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई आली. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिला पत्ते वाचायला शिकायचं होतं. दुकानदार काका म्हणाले, "पहिला कॅट निवडताना फार डोकं लावू नका. सगळे बघा. ज्याचं चित्र तुमच्याशी बोलेल, तो घ्या."

ताईने सोनेरी कॅट पाहिला. "छान आहे, पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा. वापरायचा धीर नाही व्हायचा," ती म्हणाली. मग तिने मला उघडलं. भोळ्या वाटसरूचं पान चष्म्याच्या वरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "अगं बाई, याला तर नंबर लागलाय! काका, मला हाच द्या. माझं सगळं आयुष्य अशांमध्येच चाललंय."

मित्रांनो, माझ्या व्यंगावर कुणी इतक्या मायेने हसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी फार सुखावलो.

पण माझ्यासोबत डब्यात बारीक अक्षरांचं एक चोपडं होतं. मोठं शिष्ट! प्रत्येक पानाचे त्यात दोन अर्थ दिले होते. पान सरळ आलं तर एक आणि उलटं आलं तर दुसरा, बहुतेक वाईटच. काकांनी चित्रं बघायला सांगितलं होतं, पण ताईला चुकण्याची फार धास्ती. "चष्म्याच्या नंबरात अंदाजपंचे चालत नाही, मग इथे कसं चालेल?" असं म्हणत तिने ते चोपडं घोकून पाठ केलं.

आता खरा घोळ ऐका. चष्म्याच्या दुकानात फ्रेम दाखवायची ती गिऱ्हाइकाकडे तोंड करून. आरसाही त्याच्याकडेच वळवायचा. इतक्या वर्षांची ही सवय ताईच्या हातात मुरलेली. त्यामुळे दुपारी दुकान रिकामं असलं की ती काउंटरवर आमचं पान मांडायची, तेही समोरच्याकडे तोंड करून. समोरच्याला ते सरळ दिसे. काउंटरच्या अलीकडे बसलेल्या ताईला मात्र प्रत्येक पान उलटं दिसे, आणि ती उलट्याचाच अर्थ वाचून दाखवी!

शेजारीण शिवणाचा क्लास काढणार होती. तिला सूर्य आला. "उलटा सूर्य. उजेड पडायचा नाही," ताईने सांगितलं आणि बिचारीचा चेहरा उतरला. डोळे तपासणारे डॉक्टर तर म्हणाले, "ताई, तुमच्यासमोर धडधाकट माणूस बसला तरी आजारी पडून उठेल." सगळ्यांनाच उलटी पानं कशी येतात, हे ताईलाही कोडं पडे. पण "दिवसच वाईट आलेत हो," म्हणून ती सुस्कारा सोडी. हळूहळू लोक टाळू लागले. ताईने मला खणात टाकलं, मोडक्या फ्रेमा आणि सुट्या काचांच्या शेजारी. तिथे किती काळ गेला कोण जाणे. फार एकटं वाटायचं.

मग एका दुपारी तिची धाकटी बहीण आली. ही धाकटी बस चालवायची, आणि गाडी चालवणं म्हणजे तिचा जीव की प्राण. पण काही दिवसांपूर्वी सायकलवरचे एक म्हातारबुवा तिच्या बससमोर घसरून पडले होते. बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बुवांना साधं खरचटलंही नाही. कंडक्टर म्हणाला, "नशीब थोर!" प्रवासी म्हणाले, "नशीब!" साहेब म्हणाले, "नशीब समजा." ताईसुद्धा तेच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी धाकटी चालकाच्या जागेवर बसली आणि गाडी सुरू न करताच खाली उतरली. तेव्हापासून ती घरीच होती. आता आगाराने निरोप धाडला होता की उद्या गाडीवर या, नाहीतर कायमचं तिकीटखिडकीवर बसा.

"ताई, ते पत्ते काढ. उद्या जाऊ की नको, एवढंच विचार," गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत ती म्हणाली.

"अगं, माझे पत्ते सगळ्यांना रडवतात."

"काढ म्हणते ना!"

ताईने मला पिसलं आणि एक पान मांडलं. रथ आला. ताईचा चेहराच पडला. तिला खोटं बोलता येत नाही. चोपड्यात होतं तसं तिने सांगून टाकलं, "उलटा रथ. ताबा सुटेल, जपून राहा."

"वाटलंच होतं मला. नशीब काय रोज साथ देतंय?" असं म्हणत धाकटीने पर्स उचलली. मी आतून जीव तोडून ओरडत होतो. पण पत्त्याला तोंड असून आवाज नसतो. उठता उठता तिची नजर पानावर गेली.

"पण ताई, उलटा कुठाय? सरळ तर आहे."

ताई काउंटरला वळसा घालून बहिणीच्या मागे येऊन उभी राहिली. पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस मी सगळ्यांना..." मग घाईघाईने म्हणाली, "थांब, सरळ रथ म्हणजे विजय! जा तू उद्या!"

धाकटी भडकली. "वा ग वा! तू तिकडे बसलीस तर मी बुडाले आणि इकडे आलीस तर जिंकले? माझ्या बसमध्ये माणसं बसतात, ताई!"

ताईने चोपडं मिटून ठेवलं, स्टूल ओढलं आणि बहिणीच्या शेजारी बसली. नजर तपासायला आलेल्या घाबऱ्या गिऱ्हाइकांशी बोलते, त्याच आवाजात म्हणाली, "घाई नाही. काय दिसतंय तेवढं सांग. चूक-बरोबर काही नसतं."

धाकटी पानावर वाकली. "एक माणूस उभा आहे. दोन घोडे आहेत, दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि... ताई, याच्या हातात लगामच नाही!"

"मग घोडे कसे थांबलेत?"

लगामाबद्दल चोपड्यात अक्षरही नव्हतं. धाकटीचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला होता. ताईने तो पाहिला.

"तो पुढे बघतोय," धाकटी हळूच म्हणाली. "त्याचं सगळं लक्ष पुढे आहे. ताई, बुवा पडायच्या आधी त्यांची सायकल डुलत होती. मी ते पाहिलं होतं. पाय आधीच ब्रेकवर नेला होता."

"हे कुणाला बोलली का नाहीस?"

"सगळे नशीब नशीब करत होते. मलाही तेच खरं वाटायला लागलं. आणि नशिबाच्या भरवशावर एवढी माणसं घेऊन गाडी कशी काढू?" तिने पानावरच्या घोड्यांवर बोट ठेवलं. "पण नशिबाने नाही थांबली ती. मी थांबवली."

आणि ती ढसाढसा रडली. ताईने तिला जवळ घेतलं. "हो ग बाई, तूच थांबवलीस. मीही मूर्खासारखं भलतंच बोलले." माझी रेघ आधीच सरकलेली, त्या दिवशी तर मला सगळंच पुसट दिसत होतं.

जाताना ताईने रथाचं पान तिच्या हातात कोंबलं. "जवळ ठेव. धीर येईल."

"नको," नाक पुसत धाकटी म्हणाली, "मला आता नाही लागणार." खरं सांगू? क्षणभर मला राग आला. मग इतका आनंद झाला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी ती गाडीवर गेली.

मित्रांनो, आता माझ्या कडा झिजून मऊ झाल्या आहेत. ताई गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून पत्ते बघते. शेजारणीलाही तिने पुन्हा बोलावून सूर्य दाखवला. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओल्या हातांनी धरू नका, खणात कुजवू नका. आणि तुमच्या एखाद्या माणसाने डोळ्यांत तेल घालून काही सांभाळलं, तर नशिबाचं कौतुक करू नका. त्याच्याकडे बघून म्हणा, हे तू केलंस.