भाडं शून्य

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. विमानाच्या तिकिटाचा. माझ्यावर दोन तारखा खोडलेल्या आहेत, आणि घडीवर मी आता फाटत आलो आहे.

माझा जन्म नागभीडच्या एका ऑनलाइन सेंटरमधला. प्रफुल गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात आहे. कामासाठी तो सतत विमानानं फिरतो, आणि तो जितका फिरेल तितके मैल विमान कंपनी त्याच्या नावावर जमा करते. त्या मैलांवर त्यानं आपल्या आईचं, गुणाबाईचं, नागपूर ते बेंगळुरू तिकीट काढलं. माझ्यावर भाड्याच्या रकान्यात शून्य छापलं होतं. त्या शून्याचा मला कोण गर्व! गुणाबाईनं ते शेजारपाजारच्या सगळ्या बायांना दाखवलं.

बेंगळुरूला तिची मोठी बहीण रुखमा मुलाकडे राहते. गुणाबाई तिला 'बाई' म्हणते. काचबिंदूनं तिचा डावा डोळा गेला होता. फोनवर ती म्हणाली होती, "उजव्यानं थोडं दिसते. तवरक येजो. तुले एकडाव पाह्यचं हाये."

मी दहा जुलैचा होतो. पण तेव्हाच धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, आला. आमच्या गावात बाया एकमेकींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करतात. गुणाबाईच्या बांधीत बारा जणी राबून गेल्या होत्या. त्यांच्याकडे न जाता विमानात बसणं तिला जमेना.

प्रफुल म्हणाला, "तारीख बदलवाले पैसे नाई लागत, आई."

"मंग बदलव ना. बाई काई पळून नाई चालली."

नवी प्रिंट कशाला, म्हणून तिनं त्याला माझ्यावरच पेनानं नोव्हेंबरची तारीख लिहायला लावली. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. फुकटच्या तिकिटाला कसली घाई, असंच मी समजत होतो.

नोव्हेंबरात गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, नाटक असतं. लेक हर्षा आणि जावई येणार होते. जावई घरी आणि सासू विमानात, हे कसं चालेल? प्रफुलनं पुन्हा मोबाईल उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, मैलाच्या जागा थोड्याच ठेवतात. आता एकदम फेब्रुवारीत हाये. त्यापेक्षा मंडई झाली का पैशानं काढू. चौदा हजार लागतीन."

"फुकटचं असून चौदा हजार कायले?" गुणाबाई म्हणाली. "फेब्रुवारी तं फेब्रुवारी."

माझं ते शून्यच तिच्या आड आलं, मित्रांनो. ते मला आजही खुपतं.

जानेवारीत रुखमाचा उजवा डोळाही गेला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. विमानतळावर प्रफुलनं मोबाईलच दाखवला, माझं कुणाला काम पडलं नाही. मी गुणाबाईच्या कमरेच्या बटव्यात होतो. रुखमा दारातच खुर्चीवर बसली होती. गुणाबाई तिच्यापुढे बसली, तेव्हा रुखमानं आधी तिचं तोंड चाचपलं, मग खांदा, मग पदर.

"कोनतं नेसली?"

"हिरवं. तूच देल्लं ते."

रुखमानं काठावरून बोटं फिरवली. फिरवता फिरवता तिचा हात बटव्याला लागला आणि मी कुरकुरलो.

"हे काय वाजते?"

"तिकीट हाये, बाई." गुणाबाई खोटंही बोलू शकली असती. पण ती म्हणाली, "जुलैचं होतं. म्याच बदलवलं."

रुखमानं बटव्यावरचा हात काढला नाही. तिच्या आवाजात राग नव्हता.

"जुलैत मले दिसत होतं," ती म्हणाली.

आता मी गुणाबाईच्या पेटीत, त्या हिरव्या लुगड्याच्या घडीत असतो. मित्रांनो, तारीख बदलायला पैसे लागत नाहीत, म्हणून मी ती दोनदा माझ्या अंगावर बदलून घेतली. कुणी तुमची वाट पाहत असेल, तर माझ्यासारख्या कागदावर पहिली जी तारीख असेल, त्या तारखेला जा.