डाव्या भुवईवरची खूण

लढाईचे पिक्चर मी सोडत नाही. टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसते. शेजारणी कुजबुजतात, हिला बघवतं तरी कसं. बघवतं. डोळे माझे आहेत, कुणाच्या बापाचं काय जातं? आणि कुठला पिक्चर बघण्यासारखा, कुठला नुसता फटाक्यांचा धूर, हे अख्ख्या बदलापूर गावात माझ्याइतकं कुणी सांगणार नाही. मला शिकवणारा स्वतः फौजेत होता.

माझा नवरा, सोमा. हो, नाव घेते. सासरी आले तेव्हा दटावलं होतं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आयुष्य कमी होतं त्याचं. म्हणून इतकी वर्षं 'आमचे हे, आमचे हे' करत काढली. काय उपयोग झाला?

सुट्टीवर आला की तो मला उल्हासनगरला टॉकीजमध्ये न्यायचा, आणि पिक्चर लढाईचाच. मला गाण्यांचे आवडायचे, पण ऐकतो कोण. आत बसला की कानाशी त्याची बडबड सुरू. "बूट बघ त्याचे. एवढा डोंगर चढला आणि पॉलिश तशीच." हिरो एकटाच सगळ्या पलटणीला लोळवायला लागला की हा खारे दाणे सोलत बसायचा, पडद्याकडे ढुंकून बघायचा नाही. पण खंदकात दोन जवान एक बिडी वाटून ओढताहेत, कुणी पाणी मागतोय, कुणाचे हात कापताहेत, असं काही आलं की पुढे सरकून बसायचा. त्याचं म्हणणं, ज्या पिक्चरमध्ये एकाही जवानाला भूक लागत नाही तो लढाईचा पिक्चरच नाही. "आणि चंद्रे, हिरोला नको बघू. त्याच्या मागे बघ. मागे जे पडतात ना, ते आम्ही."

मी म्हणायची, जिभेला काही हाड आहे की नाही तुमच्या.

एका उन्हाळ्यात तो हसतच घरी आला. त्याची पलटण तेव्हा राजस्थानच्या वाळूत होती. तिथे मुंबईची शूटिंगवाली माणसं आली होती आणि गर्दीला म्हणून खरेच जवान घेतले होते. अर्धे आपले, अर्धे दुश्मन. सोमाच्या वाट्याला दुश्मनाचा डगला आला. आपण कसे मेलो ते त्याने अंगणात करून दाखवलं. खंदकातून उठला, हिरोची गोळी लागली, डोक्यावरचा टोप उडाला, आणि ताज्या सारवणावर धाडकन पडला. "डायरेक्टर सांगत होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून पड. मी मुद्दाम तोंड फिरवून मेलो. आईला दिसायला नको का?"

आई म्हणजे माझी सासू, भागीरथी. ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली आपटलं. "मेल्या, ऊठ आधी. जित्या मानसानं असा पडू नये." तो कपडे झटकत उठला आणि तिच्या मांडीवरचे तांदूळ तोंडात टाकून हसत राहिला.

पुढच्याच वर्षी त्याची पलटण समुद्रापलीकडे श्रीलंकेला गेली. मग तार आली. अग्नी तिकडेच दिला होता. आमच्याकडे आली ती त्याची लोखंडी पेटी.

आमच्यात लांबून अशी खबर आली की घरच्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. ते घेतलं म्हणजे मेलेलं माणूस मेलं असं आपण मानलं. सगळ्यांनी घेतलं. मीही घेतलं. सासू उंबऱ्यावर बसून राहिली. "तोंड बघितल्याबिगर मी पानी घ्येनार नाय." भावकीने समजावलं, सरपंच येऊन गेले. ती हलली नाही. बाया माझ्या बांगड्या फोडायला आल्या तर मधे उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी अंगावर यायची, जित्याच्या नावानं रडतेस का म्हणून. मी ना धड सवाशीण, ना धड विधवा. हातात हिरवा चुडा आणि पोटात दगड. मला माझ्या नवऱ्यासाठी एकदा मोकळं रडायचं होतं, आणि ते तिने पाणी घेतल्याशिवाय त्या घरात होणार नव्हतं.

त्यात गणपती आले, आणि मंडळाच्या पोरांनी फळ्यावर पिक्चरचं नाव लिहिलं. सोमाचाच पिक्चर. माझ्या मनात आलं, हिला तोंडच बघायचंय ना? देवानेच पाठवलंय.

गल्लीत दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला होता. आरती झाली आणि मशीन सुरू झालं. पुढे पुरुष, पडद्याच्या मागे बाया. आमच्याकडे तशीच पद्धत होती, कापडातून चित्र मागेही दिसतं. पाट्यांची अक्षरं उलटी दिसतात, सगळे डाव्या हाताने गोळ्या मारतात, पण कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी सासूचा हात धरून बसले होते. खंदक आला. तो उठला. टोप उडाला, आणि तोंड फिरवून, खरंच आमच्याकडे तोंड फिरवून, सोमा उतारावरून गडगडला. पलीकडे पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. दुश्मन मेला होता ना. मी पदर तोंडात कोंबला.

सासू शांत होती. "ह्यो माजा नाय," ती म्हणाली.

"आई, सोमाच आहे."

"खून कुठल्या अंगाला व्हती त्याच्या? उजव्या. माज्या पोराची डाव्या भुवईवर हाय. ती मी केलेली हाय, मना नको शिकवू."

ते खरं होतं. तो लहान असताना ती भात कापत होती, तो मागून रांगत आला आणि तिच्याच विळ्याने त्याची भुवई फाटली. ती बाजू ती कशी विसरेल? मी तिला सांगितलं, पडद्यामागून सगळंच उलटं दिसतं, अक्षरंसुद्धा. पण तिला अक्षर कुठे येत होतं? "पडदा उलटा म्हनून मानूस उलटा व्हतो का?" म्हणाली. आणि आयुष्यात कधी चालली नव्हती अशी ताठ चालत घरी आली.

मग तिने सगळा हिशेब लावला. सोमासारख्याच तोंडाचा दुसरा पोर फौजेत आहे. मेला तो. फौजेने त्यालाच सोमा समजून जाळला. आपला सोमा कुठेतरी अडकलाय, येईल. ती पोटभर जेवायला लागली, मला नव्या बांगड्या भरल्या. आणि खोटं कशाला बोलू, एक-दोन दिवस मलाही वाटलं की तीच खरी असेल. अंगणात पावलं वाजली की मी उठून बघायची.

तरी मी गप्प राहिले असते. राहू दे तिला सुखात. पण पितृपक्ष लागला. पितरांना वाढताना तिने एक पान जास्त मांडलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"त्या पोराचं. त्याला कोन ठेवनार? त्याच्या आयशीला म्हायतच नाय. ती बिचारी वाट बघत असंल." आणि माझ्या सासूला, जिने सोमासाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्या परक्या पोरासाठी हुंदका फुटला.

त्या दिवसापासून तिचं एकच. त्या पोराच्या आयशीला शोधायची, सांगायची. पोस्टमनला विचारलं. सुट्टीवर आलेल्या एका जवानाची वाट अडवून विचारलं. पारावरची पोरं हसायला लागली, म्हातारीचं चळलंय म्हणून. मी त्यांच्या आयामाया काढल्या, पण आतून मला कळत होतं, हे असं चालू ठेवणं पाप आहे. घास पुन्हा कमी झाला होता तिचा. "इतकी मानसं हायत फौजेत, एकाला म्हायत नसंल त्याची आयस?" एवढंच विचारत बसायची.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये पॅन्टींचे धागे कापायला जात होते. आमच्या कारखान्याच्या खाली टेकचंद नावाच्या सिंधी माणसाचं व्हिडिओचं दुकान, मागे खोलीत टीव्ही आणि दोन बाकडी. मला तो अदी म्हणायचा, म्हणजे ताई. त्याला सगळं सांगितलं आणि दुपारी सासूला घेऊन गेले. कुठे चाललोय विचारलं तेव्हा मी म्हटलं, तो पोर पुन्हा बघू, नीट. काही ओळख पटली तर पटली. ती लगेच लुगडं बदलून आली.

खोलीत शिलाईवाली चार पोरं डबा खात बसली होती. टेकचंदने कॅसेट घातली. सासू बसेना. ती टीव्हीच्या मागे गेली आणि वाकून बघून आली. तिथे वायरी आणि धूळ. "म्हंजे आपन पुढं हाव," ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

तेव्हाच मला वाटलं, उठावं, तिला घरी न्यावं. मी उठले नाही.

खंदक आला. तो उठला. टोप उडाला, तोंड फिरलं. खूण डाव्या भुवईवर. एवढी स्वच्छ, की विळा लागून आठ दिवस झाले असावेत. तो पडला आणि डबेवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"वाजवा अजून," मी म्हटलं. "माझा नवरा आहे तो."

घास तसेच राहिले त्यांच्या हातात. टेकचंदने गडबडून काहीतरी बटण दाबलं आणि चित्र मागे पळायला लागलं. सोमा उतारावरून वर सरकला, टोप येऊन डोक्यावर बसला, तो खंदकात नीट उभा राहिला. सासू अर्धवट उठली होती. टेकचंदने तिथेच थांबवलं. चित्र थरथरत होतं, तरी डोळे दिसत होते, भुवई दिसत होती. तिने जवळ जाऊन काचेवर बोट ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं.

"बंद करू, अम्मा?" टेकचंदने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे पुढं त्याला. असा अडकवून नको ठेवू."

ते चालू झालं आणि तो पुन्हा पडला. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

घरी आल्यावर चूल पेटवायला गेले तर ती मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर बसलेली. अंगावर तेच बाहेर जायचं लुगडं. "तांब्या आन," म्हणाली.

मी भरलेली बादली आणली. पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला आणि माझं जे इतके महिने कोंडलेलं होतं ते फुटलं. मी ओरडून रडले, सोमा, सोमा करून, आणि ती मला गप्प बस म्हणाली नाही. पाणी तिच्या केसांतून, डोळ्यांवरून गळत होतं. तिने माझं मनगट धरलं आणि हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या, एकही फुटू दिली नाही.

"चंद्रे," ती म्हणाली, "त्या पोराच्या आयशीला समजलं गं आज."