निकेतचा टी

बांध समितीची बैठक बोर्ली पंचतनात चारला होती, आणि तीन वाजता कल्पिताच्या लॅपटॉपने साधी सरासरी काढायला नकार दिला.

थंडीपासून ती जयमालाकाकीच्या शेतातल्या पाण्याचा खारटपणा मोजत होती. खाडीचा बांध आतून पोखरलाय, उधाणाला खारं पाणी झिरपतं, असं काकीचं म्हणणं. बांध धड आहे, शेतच सखल, पावसाचं पाणी साचतं, असं समितीचं. यंदा बांधाच्या एकाच टोकाची दुरुस्ती होणार होती आणि कुठल्या, ते आज ठरणार होतं. अमावास्या-पौर्णिमेला खारटपणा चढतो एवढं आलेखात दिसलं असतं, तर काकीचं शेत वाचलं असतं.

नोंदी तिथीवार लावायला तिने निकेतचं पॅकेज, म्हणजे त्याने लिहिलेल्या आज्ञांचा संच, लॅपटॉपवर घेतलं होतं. निकेत तिच्या एमएस्सीच्या वर्गातला, आगरदांड्याचा. त्याच्या घरी भरती अजून तिथीवरून मोजतात, म्हणून त्याने तारखेवरून तिथी काढणारं फंक्शन लिहिलं होतं. सकाळी त्याचा निरोप आला, "नवीन आवृत्ती टाक, जुनीत अधिक महिन्याचा घोळ आहे." तिने टाकली.

आता पडद्यावर तांबडी ओळ होती. दिलेली गोष्ट खरी की खोटी, ते संगणकाला कळत नव्हतं.

रिकाम्या नोंदी वगळायच्या का, या प्रश्नापुढे कल्पिताने नेहमीसारखं नुसतं 'टी' लिहिलं होतं. तिच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टी म्हणजे ट्रू, खरं. एफ म्हणजे फॉल्स, खोटं. कॉलेजपासून ती असंच लिहीत आली होती. तिने फाइल तपासली, दशांश चिन्हं तपासली, लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटी वैतागून नुसता टी लिहून एंटर दाबलं. 'खरं' यायच्या जागी निकेतचं अख्खं फंक्शन पडद्यावर उलगडलं.

तिच्या आळीत दोन सदा होते. हाक मारली की जवळच्या घरातला ओ द्यायचा. इथेही भाषेतल्या टीच्या आधी निकेतच्या टीने ओ दिला होता. पॅकेज उघडताना तशी सूचना आली असणार, पण असल्या सूचना इतक्या येतात की तिने ती वाचलीच नव्हती. निकेतपेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला. तरी फोन तिने निकेतलाच लावला.

"फंक्शनचं नाव टी ठेवलंस?"

"तिथीचा टी. छोटं, सुटसुटीत." मागे फेरीबोटीचं इंजिन धडधडत होतं. तो दिघीला चालला होता.

"ते नाव आधीच घेतलेलं आहे, निकेत. भाषेनंच."

"मग तू ट्रू पूर्ण लिही ना. मी लिहितो. माझ्याकडे चालतंय."

"तुझ्याकडे चालणारच. तू एकटाच वापरतोस."

"तू पण वापरतेस की," तो म्हणाला, आणि रेंज गेली.

काकी दारात चपला घालून उभी होती. "बाय, निघायचं न्हाय का? समितीचा हिरामण थांबायचा न्हाय."

"चार अक्षरं लिहायचा आळस केला, काकी. आता सगळीकडे लिहितेय."

प्रत्येक टी शोधून तिने पूर्ण शब्द लिहिला. आलेख आला. त्या दोघी स्कूटरवरून पोचल्या तेव्हा समितीचे अध्यक्ष हिरामणतात्या दुसऱ्या टोकाचं नाव सांगतच होते.

कल्पिताने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्या टेकड्या कसल्या?"

"ही अमावास्या, तात्या. ही पौर्णिमा. दर महिन्याला."

"आन भांगाला?"

"अष्टमीच्या आसपास, भांगाची भरती लहान, तेव्हा खाली. बघा."

तात्यांनी चष्मा वर केला, परत खाली घेतला. "पावसाचं पाणी काय तिथी बघून येत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "लिहा. जयमालाबाईचं टोक."

काकीने पदराने तोंड पुसलं.

तेवढ्यात कल्पिताचा फोन वाजला. निकेतचा निरोप होता. "टी काढून टाकला. आता फ्लडचा, म्हणजे भरतीचा, एफ ठेवलाय. खूश?"

तिने तो दोनदा वाचला आणि फोन उपडा ठेवला.

"काय गो? बांध रद्द झाला का काय?"

"नाही काकी. निकेतशी बोलायचंय."

"मग लाव की फोन."

"परतीच्या बोटीत असेल," कल्पिता म्हणाली. "किनाऱ्याला लागू दे."